न पाहता केलेली सही

आयुष्याची चौतीस वर्षे मी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवली. या धंद्यात माणसाला एक खोड जडते. मूळ पावती डोळ्यांनी पाहिल्याखेरीज तो कशावरही सही करीत नाही. समोरचा अधिकारी कितीही मोठा असो, त्याने कितीही आग्रहाने चहा पाजलेला असो, मी शांतपणे म्हणत असे, "साहेब, व्हाउचर दाखवा." घरची मंडळी या खोडीला कंटाळलेली होती. किराण्याचे बिल मी दोनदा बेरीज करून पाहतो, हा आमच्याकडे पाहुण्यांना सांगण्याचा ठरलेला विनोद आहे. हे सारे प्रारंभीच सांगावयाचे कारण असे, की अशा माणसाने वयाच्या सत्तराव्या वर्षी एका रात्री अकरा सह्या न पाहता केल्या, आणि तो हिशेब आजवर जुळलेला नाही.

आम्ही रायपूरचे मराठी. 'मूळचे कुठले?' या प्रश्नाला आमच्यापैकी प्रत्येकाचे उत्तर निराळे असते. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला आले, तेव्हापासूनच्या वहिवाटी सांगणारी घराणी या प्रांतात आहेत. कोणी पुढे रेल्वेबरोबर आले, कोणी शाळाखात्यात, कोणी कचेरीत. माझे आजोबा तात्यापाऱ्यात राहत. त्या काळी एका घरी पुरण वाटले जाऊ लागले, की वास तीन घरे जाई आणि निमंत्रण वासाच्या आधी पोचे. कुणाला बरे नसले तर ते सांगावे लागत नसे. खोकला भिंतीपलीकडे ऐकू येई. पुढे मुले शिकली, नोकऱ्या लागल्या, १ नोव्हेंबर २००० रोजी नवे राज्य होऊन रायपूर राजधानी झाले आणि शहर चहूबाजूंनी सुटले. मी शंकर नगरात घर बांधले. अंगण आले, आंब्याचे झाड आले, तेलीबांधा तलावापर्यंत सकाळचा फेरफटका आला. भिंतीपलीकडचा खोकला मात्र गेला. आमच्या भजनी मंडळातील कुटुंबे आज शहराच्या पाच टोकांना राहतात, आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सवात भेट झाली की "अरे, तुमच्या आई गेल्या? कधी?" असे विचारण्याची पाळी येते. हे मी दोनदा ऐकले आहे, आणि एकदा स्वतः विचारले आहे.

म्हणून २०१६ च्या सुमारास मंडळातील एका तरुण सुनेने व्हॉट्सॲपवर आमचा ग्रूप काढला, तेव्हा मी नाक मुरडले असले तरी मनातून मला तो हवाच होता. गुरुवारचे भजन कोणाकडे, एवढेच त्यावर लिहावयाचे, असे ठरले. अर्थात हा नियम पहिल्या गुरुवारपर्यंतही टिकला नाही.

पहिली अडचण 'ळ'ची आली. आमच्या सर्वांच्या मोबाइलवर हिंदीचा कळफलक बसविलेला. त्यावर काही केल्या 'ळ' सापडेना. त्यामुळे आमचे मंडळ 'मंडल' झाले, टाळ 'टाल' झाले, आणि एका भगिनींनी 'आज बाल झोपला नाही' असे लिहिल्यावर ते बाळ की केस, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी त्याच सुनेने घरोघर जाऊन प्रत्येकाच्या फोनवर मराठीचा कळफलक बसवून दिला. त्याच बैठकीत तिने आम्हा वृद्धांच्या फोनवरील अक्षरेही मोठी करून दिली. तेव्हा मला दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास आठवला. समर्थांनी तेथे अक्षर कसे काढावे हे शिकविताना सांगितले आहे, की तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. या दासबोधाचा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे आमच्याच रायपूरचे. त्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले आणि १९०२ च्या अखेरीस पैशाअभावी ते बंद करावे लागले. तीन वर्षे मासिक चालविण्यासाठी त्या माणसाने काय सोसले असेल! आणि आम्हाला अंगठ्याच्या एका स्पर्शात साठ घरी पोचावयाचे साधन फुकट मिळालेले. त्या साधनाने आम्ही काय पोचविले? गुलाबाची फुले, आणि त्यांच्या पोटात छापलेले सुविचार.

मी इतरांना हसत नाही. या फुलांचा सर्वांत मोठा दाता मीच होतो. निवृत्त माणसाची पहाट फार लांब असते. चार वाजता जाग येते, चहाला अजून दोन तास असतात. नागपूरचा चुलतभाऊ, पुण्याचा साडू, जुन्या कचेरीतील मित्र, यांच्याकडून जे जे येई ते ते मी ग्रूपवर लोटून देई. मराठीत या प्रकाराला कोणीतरी 'ढकलपत्र' असे मार्मिक नाव दिले आहे. मधुमेहावर जांभळाच्या बिया, अमुक तारखेस आकाशात दोन चंद्र, गॅसच्या टाकीवरील आकड्यांचा गुप्त अर्थ. व्हाउचर? छे! पाठविणारा आपल्या ओळखीचा आहे, मग आणखी काय पाहावयाचे? कचेरीत ज्या युक्तिवादाला मी चौतीस वर्षे दाद दिली नव्हती, तो येथे मी स्वतःच स्वतःला ऐकवीत होतो, आणि पटवून घेत होतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून आलेले, भिक्षेवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. अशा टोळीच्या अफवा तेव्हा मोबाइलवरून देशभर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. ती बातमी वाचून मी हळहळलो आणि म्हणालो, "अडाणी लोक!" त्याच आठवड्यात मुले पळविणाऱ्यांविषयीचे एक चित्रफितीसह ढकलपत्र माझ्याकडे आले होते आणि ते मी पुढे पाठविले होते, हे मला त्या वेळी आठवलेसुद्धा नाही. पुढे केव्हातरी जुने संदेश पुसताना ते हाती लागले. शंकर नगरात कोणी कुणाला मारले नाही, एवढाच काय तो माझ्यात आणि त्या जमावात फरक.

२०२० साली टाळेबंदी आली आणि या यंत्राची दुसरी बाजू दिसली. गुरुवारचे भजन मोडू नये म्हणून आम्ही पडद्यावर जमू लागलो. पहिल्या दिवशी सर्वांनी एकदम आरती म्हटली आणि जो काही गलका झाला, तो ऐकून आमचा कुत्रा बागेत पळाला. आवाज एका घरातून निघून दुसऱ्या घरी पोचावयास क्षणाचा काही अंश लागतो. बोलताना तो कळत नाही, तालाला मात्र तो मारक ठरतो. प्रत्येक जण दुसऱ्याला गाठण्यासाठी थांबतो, दुसरा याच्यासाठी थांबतो आणि आरती गोगलगाईच्या गतीने रांगू लागते. शिवाय यंत्राला टाळांचा आवाज हा गोंगाट वाटतो. तो गाळून टाकण्याची त्याला शिकवण आहे! तीन गुरुवार धडपड केल्यावर आम्हाला उमगले, की एकाने म्हणावयाचे, बाकीच्यांनी आपापला आवाज बंद ठेवून घरातल्या घरात साथ करावयाची. ऐकू एकच जण येई. परंतु छोट्या छोट्या चौकटींत साठ-सत्तर ओठ हलताना दिसत. त्या वर्षी पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एस. टी.च्या बसने पंढरपुरास गेल्या, आणि १ जुलैच्या आषाढीला आम्ही आपापल्या चौकटीत बसून विठ्ठलाचे मुख पाहिले. मुक्याने गाण्यातही सोबत असते, हे मी त्या दिवसांत शिकलो.

आता त्या रात्रीकडे येणे भाग आहे.

९ एप्रिल २०२१ च्या संध्याकाळपासून रायपूर जिल्हा पुन्हा बंद झाला. त्या पंधरवड्यात आमच्या ग्रूपवर फुले नव्हती. 'खाट मिळेल का', 'प्राणवायू कोठे आहे', 'रक्तद्रव हवे', एवढेच. दिवसभर रुग्णवाहिकेचा आवाज येई, आणि तो आपल्या गल्लीत वळतो की पुढे जातो इकडे घरातील सर्वांचे कान लागत. आपण काहीच करू शकत नाही या जाणिवेने मी अगदी तळमळत होतो. अशा एका रात्री नऊच्या सुमारास नागपूरच्या चुलतभावाकडून एक यादी आली. रायपुरात प्राणवायूच्या टाक्या पुरविणाऱ्यांचे अकरा दूरध्वनी-क्रमांक. शिरोभागी ठळक अक्षरांत लिहिले होते: 'आजच तपासलेली यादी.'

'तपासलेली' हा शब्द पाहून माझ्यासारख्याने थांबावयास हवे होते. कोणी तपासली? केव्हा? कशाच्या आधारे? मी थांबलो नाही. आपल्या हातून अखेर काही सेवा घडते आहे या आनंदात मी ती ग्रूपवर टाकली, आणि वर माझ्या पदरचे एक वाक्य जोडले: 'गरजूंनी जरूर लाभ घ्यावा.' मग मी झोपलो. त्या आठवड्यात मला प्रथमच चांगली झोप लागली, हे सांगताना आजही लाज वाटते.

आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे भजनी मंडळातील एक कुटुंब राहते. यजमान पन्नाशीचे, उत्तम पेटी वाजविणारे. त्या रात्री त्यांच्या बोटाला लावलेल्या यंत्रातील आकडा नव्वदीच्या खाली उतरू लागला. त्यांच्या पत्नीने रात्री दहापासून ती यादी घेऊन दूरध्वनी लावावयास सुरुवात केली. त्याचा जमाखर्च मी पुढे विचारून घेतला आहे, तो असा. सहा क्रमांक कोणी उचलले नाहीत. दोन बंद होते. एक भिलाईच्या एका शिंप्याचा निघाला. तो बिचारा आठवडाभर रात्रंदिवस लोकांना 'माझ्याकडे टाक्या नाहीत' हे सांगून रडकुंडीस आला होता. एकाच्या टाक्या पाच दिवसांपूर्वीच संपल्या होत्या. अकराव्याने आठ हजार रुपये आगाऊ मागितले, ते तिने मोबाइलवरून तत्काळ पाठविले, आणि मग तोही क्रमांक बंद झाला. तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. पाचच्या सुमारास यजमानांच्या कचेरीतील एका सहकाऱ्याने कोठून तरी एक लहानशी टाकी स्कूटरवर आणून दिली. यादीतल्या कोणाचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांना इस्पितळात खाट मिळाली. नवव्या दिवशी ते गेले.

त्या पाच तासांनी काही फरक पडला असता का, हे कोणत्याही डॉक्टरांनी सांगितलेले नाही, आणि मी कोणाला विचारलेलेही नाही. विचारावयाचे मला धैर्य झाले नाही, असे म्हणणे अधिक खरे होईल. त्या वहिनींनी मात्र पती इस्पितळात गेल्याच्या दुपारी मला दूरध्वनी केला होता. आवाज बसलेला. म्हणाल्या, "काका, ती यादी तुम्हाला कोणी दिली? त्यांना सांगा, म्हणजे आणखी कोणी फसायला नको." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही पाठवली म्हणून मी दुसरीकडे कुठे विचारलंच नाही हो."

रागाने बोलल्या असत्या तर मी काही बचाव केला असता. त्या वाक्याला बचाव नव्हता. माझी सारी चौतीस वर्षे त्या एका वाक्यात होती. त्यांना ठाऊक होते, की हा माणूस पावती पाहिल्याखेरीज सही करीत नाही.

मग मी जे येत होते तेच केले. यादीचा माग काढला. चुलतभावाला ती त्याच्या सोसायटीतील एकाने दिली होती, त्याला त्याच्या मेहुण्याने, मेहुण्याला आणखी कोणी. चार माणसे मागे गेल्यावर कळले, की यादी सहा दिवसांची जुनी आहे, आणि 'आजच तपासलेली' हे शब्द मूळ यादीत नव्हतेच. वाटेत कोणीतरी, बहुधा माझ्याच इतक्या सद्हेतूने, ते वर चढविले होते. दुष्ट माणूस साखळीत एकच, तो अकरावा. बाकी आम्ही सारे भले लोक.

यजमान गेल्याची बातमी ग्रूपवर आली तेव्हा तासाभरात त्रेचाळीस जणांनी हात जोडल्याची चित्रे पाठविली. मीही पाठविले, दुसरे काय लिहावे हे सुचेना. चांगदेवांनाही ज्ञानेश्वरांस पत्र लिहिताना मायना सुचला नव्हता आणि त्यांनी कोराच कागद धाडला, अशी कथा आहे. पण त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर गेले. आमच्या कोऱ्या कागदाखाली आणखी बेचाळीस कोरे कागद पडले. पुढे केव्हातरी वहिनींनीच मला सांगितले, की त्या दिवसांत त्या फोनकडे पाहतच नसत. तेच ते जोडलेले हात पाहून त्यांना कोणीतरी दार लावून घेत आहे असे वाटे. त्यांनी जपून ठेवलेला संदेश एकच होता. तात्यापाऱ्यातील आमच्या एका ऐंशी उलटलेल्या आजींना लिहिता येत नाही. त्यांनी नातवाकडून फोनचे बटण दाबून घेऊन चार मिनिटे आपल्या आवाजात बोलून पाठविले होते. सांत्वनाचा एक शब्दही त्यात नाही. तुझा नवरा लहानपणी आमच्याकडे येऊन पुरणपोळीतले पुरण तेवढे खाई आणि पोळी माझ्या मांजराला घाली. आता तू जेवलीस का. कोण आहे तुझ्यापाशी. उद्या सकाळी दहाला मी फोन करते, उचल. आणि दुसऱ्या दिवशी दहाला त्यांनी खरोखर फोन केला. नंतर कितीतरी दिवस करीत राहिल्या.

माझ्या मनात आले, आम्हा शिकलेल्यांपैकी कोणालाही या यंत्रात आवाजाचे ते बटण आहे हे ठाऊक नव्हते असे नाही. आजींना मात्र दुसरे बटण ठाऊकच नव्हते.

मी एक वही घातली. तारीख, वेळ, क्रमांक, कोणी लावला, पलीकडून काय सांगितले: पाच रकाने. आलेली कोणतीही विनंती किंवा माहिती मी अथवा आणखी तिघे आधी स्वतः दूरध्वनी करून पाहतो, मगच 'आज दुपारी दोन वाजता बोललो. माल आहे' असे वेळेसकट लिहितो, आणि काम संपले की ते पुसून 'गरज भागली' असे कळवितो. त्या एप्रिल-मे महिन्यांत अनेक गावच्या तरुण मुलांनी याच रीतीने काम केल्याचे मागाहून कळले. त्यांना ते कोणी शिकविले नव्हते. मंडळातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नावे आम्ही वाटून घेतली आहेत. माझ्याकडे चार आहेत. रोज सकाळी गुलाबाऐवजी मी त्यांतल्या एकाला बोलून विचारतो. एक गृहस्थ ऐकू येत नसल्यामुळे माझ्यावर ओरडतात, एक बाई हवापाण्याच्या पलीकडे जात नाहीत. यात कंटाळा नाही असे मी म्हणणार नाही. फुले पाठविणे फार सोपे होते.

या कामातला चौथा माणूस म्हणजे त्या वहिनी. वर्षश्राद्धानंतर त्या आपण होऊन आल्या. मी आठ हजार रुपयांचे पाकीट पुढे केले, तेव्हा "पैशाचं राहू द्या काका, वही दाखवा," म्हणाल्या. त्यांनी वही अथपासून इतिपर्यंत वाचली. दोन ठिकाणी वेळ घालावयाची राहिली होती, ती दाखविली.

गेल्या गुरुवारी ग्रूपवर एका विनंतीची भर पडली. दुर्गच्या इस्पितळात अठरा वर्षांचा मुलगा, दुर्मीळ गटाचे रक्त तातडीने हवे, खाली वडिलांचा क्रमांक. माझा डोळ्याचा चष्मा दुरुस्तीस गेलेला, भजनाची वेळ झालेली. वहिनींचा लगेच निरोप: "काका, लावून पाहिलात?" मी जुना चष्मा शोधला आणि क्रमांक लावला. पलीकडून अतिशय सौम्य आवाजात उत्तर आले, की ही विनंती दोन वर्षांपूर्वीची आहे. रक्त त्याच संध्याकाळी मिळाले होते. संदेश मात्र अजून फिरतो आहे. परवा ओरिसातून फोन आला, त्याच्या आधी अकोल्याहून. मी क्षमा मागू लागलो. ते म्हणाले, क्षमा कसली, तुम्ही विचारले तरी. पुष्कळ जण विचारतात. मग त्यांनी मी कोण, कुठला, घरी कोण कोण आहे, याची चौकशी केली. आमची पेटी सुरू झालेली त्यांना फोनवर ऐकू गेली. ती कोण वाजविते हेही त्यांनी विचारले.

मी वही काढली. तारीख घातली, वेळ घातली: सायंकाळी सहा वाजून पाच मिनिटे. शेवटच्या रकान्यात लिहिले: 'विनंती जुनी. पुढे पाठवू नये. मुलगा बरा आहे, कॉलेजात जातो.'